सड्यावरचे तीन ठोके

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, तिला भाव असतो. शाळेतलीही नव्हे, तिला मान असतो. मी गायीच्या गळ्यातली घंटी. मुठीएवढी, पितळेची, कडेला एक टवका उडालेली. सध्या माझा मुक्काम गायीच्या गळ्यात नसून एका सायकलीच्या दांड्याखाली आहे. हे कसं घडलं तेच सांगायचंय. सांगता सांगता मी मधेच विचारीन, "आवाज येतोय ना?" रागावू नका. जिचं कामच ऐकू जाणं आहे, तिला आपण ऐकू जातोय की नाही ही काळजी जन्मभर पुरते.

माझा जन्म एक्क्याण्णव साली जुन्नरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. आम्ही बाराजणी एकाच दिवशी ओतल्या गेलो. माझ्या वेळी साच्यात हवेचा बुडबुडा राहिला, म्हणून माझा आवाज घोगरा निघाला. ओताऱ्याच्या बायकोनं मला हलवून पाहिलं आणि म्हणाली, "सर्दी झाल्यागत वाजती ही." झालं. अकराजणी बाजारात गेल्या, मी कोनाड्यात राहिले. आयुष्याची सुरुवातच अशी झाल्यावर स्वतःबद्दल फार मोठं मत होत नाही.

मग एक दिवस उंबरवाडीचे भिमाजी आले. उंबरवाडी म्हणजे घाटघरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतली चाळीस घरांची वाडी. भिमाजींनी ओताऱ्याच्या बायकोला सगळ्या घंट्या घेऊन गल्लीच्या टोकाला जायला सांगितलं आणि स्वतः भट्टीपाशी डोळे मिटून उभे राहिले. एकेक घंटी वाजली. शेवटी माझी पाळी आली, ती केवळ मोजणी पुरी करायला.

"ती घोगरी द्या," भिमाजी म्हणाले.

"अवो, ती बिघडलीय."

"बारीक आवाज धुक्यात इरतो. घोगरा लांब जातो. आमच्याकडं चार म्हैनं गाय दिसत न्हाई, ऐकू येती."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. कुणी नाकं मुरडली की काढून वाचते.

भिमाजींनी मला चंद्रीच्या गळ्यात बांधलं. चंद्री ही वाडीच्या सगळ्या गुरांची पुढारीण. वाडीत गुरं राखायची पाळी असायची, आज या घराची, उद्या त्या घराची. राखणारा बदलायचा, पण पुढं चालणारी चंद्रीच. तिच्या पावलाबरोबर मी वाजायचे, ठण… ठण… आणि मागून तीस-पस्तीस जनावरं त्या आवाजाच्या मागोमाग सड्यावर चढायची. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सपाट माळ. एका बाजूला आमची उंबरवाडी, दुसऱ्या बाजूला जांभळवाडी, मधे सहा किलोमीटरची गायवाट. आणि वाटेच्या डाव्या अंगाला कडा. कड्याखाली थेट कोकण.

पावसाळ्यात सड्यावर धुकं उतरलं की स्वतःचं शेपूट दिसत नाही, असं चंद्रीला वाटत असावं. एकदा ती कड्यापासून दोन हातांवर येऊन थबकली. मी जिवाच्या आकांतानं वाजले. भिमाजी आवाजाच्या रोखानं आले आणि तिला वळवून घेऊन गेले. तेव्हापासून मी काळजी करण्यात कसूर केली नाही. तसं माझ्या नशिबी यशही विचित्र होतं. वाजले तर लोक म्हणत, "किती किणकिण." गप्प राहिले तर सगळी वाडी विचारी, "चंद्री कुठंय?"

दोन हजार तीन साली चंद्री म्हातारपणानं गेली. भिमाजींनी मला सोडवलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवलं. दुसरी गाय पुढारीण झाली, पण तिच्या गळ्यात मला बांधायचा त्यांना धीर झाला नाही. मग त्यांची बायको चिमाबाई हिनं त्याच खुंटीला लसणाची जुडी टांगली. चुलीच्या धुरानं मी काळी झाले. पोटातली लोखंडी जीभ काजळीनं जड झाली. वाजायचंच नाही म्हटल्यावर काळजी तरी कशाची करायची? पण सवय जाईना. मी चूल विझली का, दूध उतू चाललंय का, याची काळजी करत बसले.

दुसऱ्या वर्षी घरात सून आली. आरती. माहेर निमगाव सावा, शिक्षण बारावी आणि वर डी.एड. नवरा संपत नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात कामाला, घरी रविवारी. वर्षाच्या आत समृद्धी झाली आणि माझ्या लक्षात आलं, की ही बाई माझ्याच वळणाची आहे. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मग आपलं बोटच बधिर झालं असेल म्हणून दुसरं बोट धरायची.

"आत्या, हिचं अंग गरम लागतंय का?" ती सासूला विचारायची.

"चुलीपाशी बसलीयास तू. तुझा हात गरम हाय," चिमाबाई सांगायची.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये आरतीला जांभळवाडीच्या वस्तीशाळेवर नेमणूक मिळाली. तिथं वर्षभर कुणी शिक्षक टिकला नव्हता. सतरा मुलं होती आणि दाराला कुलूप. शाळा दहा ते दोन. समृद्धी तेव्हा पाच महिन्यांची, अंगावरची. चिखलातून चालत जायला दीड तास, यायला दीड तास. म्हणजे सात तास लेक आईवाचून. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून बावीस किलोमीटरचा, आणि एस.टी. शाळा सुटून गेल्यावर पोचणारी.

आरतीनं बोटांवर तास मोजले, मग पुन्हा मोजले, की कमी होतात का.

उपाय संपतनं आणला. जुन्नरला पुनमचंदशेठचं सायकलचं दुकान आहे. राजस्थानातून त्यांचे आजोबा आले, आता शेठ मराठीतच हिशेब आणि मराठीतच थट्टा करतात. त्यांनी सत्त्याण्णव साली हौसेनं एक गियरची सायकल मागवली होती. जाड खाचांची चाकं, आडवा दांडा, ना कॅरियर, ना मडगार्ड. गिऱ्हाईकं यायची, हसायची, साधी सायकल घेऊन जायची. आठ वर्षं ती दुकानाच्या छताला टांगलेली होती. संपतनं बोट दाखवलं तेव्हा शेठ म्हणाले, "ती डोंगराची सायकल आहे राव. इतकी वर्षं वाट बघतेय, कुणी तिला डोंगर दाखवील म्हणून."

ती घरी आली आणि मी खुंटीवरून तिच्याकडे पाहिलं. टांगून ठेवलेल्याचं दुःख टांगलेल्यालाच कळतं.

निमगावला शाळेत असताना आरतीनं सायकल चालवली होती, पण सपाट रस्त्यावर. इथं कातळ, चिखल, मुळ्या. पहिल्या दिवशी ती चारदा पडली, हे तिनं सांगितलं. पाचव्यांदा पडली, हे गुडघ्यानं सांगितलं. पंजाबी ड्रेस घालून सायकलवर बसलेली सून वाडीनं पाहिली नव्हती. दोन दिवस सगळ्या पडव्यांमध्ये दुसरा विषय नव्हता.

"मला जमंल का हो, आत्या?"

"न जमायला काय झालं? पोर झाली, ती जमलीच की."

आणि जमलं. आठवड्यात ती चाळीस मिनिटांत पोचायला लागली. सव्वानवाला निघायची, पावणेतीनला घरी. समृद्धी जेमतेम कुरकुर सुरू करायची आणि अंगणात चाकांचा चिखल उडायचा. शाळेचं कुलूप निघालं. सतरा मुलं अ-आ-ई गिरवू लागली. मी काजळीखालून सगळं बघत होते आणि मला वाटत होतं, की इतकं सुरळीत चाललंय म्हणजे काहीतरी होणार.

झालं ते जुलैत, भाताच्या आवणीच्या दिवसांत. वाडीतली सोनीबाई डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन गायवाटेनं चालली होती. मागून आरती आली. सायकलला वाजवायची घंटी होती, पण चिखलानं ती दुसऱ्याच दिवशी मुकी झाली होती. "मावशी, बाजूला," असं आरतीनं म्हणेपर्यंत चाक सोनीबाईच्या टाचेपाशी होतं. सोनीबाई दचकली, घसरली. मनगट सुजलं, गुडघा खरचटला, आणि अर्ध्या खाचराची रोपं घळीत वाहून गेली.

आरतीनं काय करावं? सायकल तिथंच टाकून मावशीला घरी आणलं. रविवारी आपल्या घरची रोपं घेऊन दिवसभर सोनीबाईच्या खाचरात वाकली. पण रोपं लावली म्हणजे भीती जात नाही.

वन समितीची बैठक आमच्याच पडवीत भरली, कारण पाऊस होता आणि पडवी मोठी. सड्यावरचं रान सांभाळायला वाडीनं केलेली ही समिती. तिचे अध्यक्ष धर्माजीआबा, पांढऱ्या मिशांचे, शब्दाला पक्के. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं.

"माणूस मागनं आलं तर खाकारतं," सोनीबाई सांगत होती. "गुरू आलं तर घंटी वाजती. ही भूत यावं तशी आली. ना पायाचा आवाज, ना खाकारणं. डोक्यावर वझं असताना मान तरी कशी वळवायची?"

"आणि आज एक सायकल हाय," धर्माजीआबा म्हणाले. "उद्या धा व्हतील. परवा फटफट्या येतील. मग सडा ऱ्हायला का आपला?"

"आबा, शाळेची वेळ…" आरतीनं सुरुवात केली, पण सोनीबाईच्या सुजलेल्या मनगटाकडं बघून ती तिथंच थांबली. चूक आपली आहे असं ज्याला वाटतं, त्याला वाद घालता येत नाही.

ठरलं, की वाटेवर सायकल बंद. खिंडीत, जिथून सडा सुरू होतो तिथं, पाटी लावायची. पत्रा आला, रंग आला. मग लिहिणार कोण यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"अक्षर तुझंच बरं हाय, आरती," आबा म्हणाले. त्यात कुजकेपणा नव्हता. वाडीत पाटी लिहायची तर मास्तरीण लिहिते, एवढंच.

आरतीनं लिहिली. 'या वाटेवर सायकल आणू नये.' एकही वेलांटी चुकली नाही.

"सोताच्या पायावर धोंडा," चिमाबाई म्हणाली, "त्योबी इतक्या सुबक अक्षरात."

पुढचे तीन आठवडे मी मोजून काढले. आरती साडेआठला चालत निघायची. समृद्धी दुपारपर्यंत दम धरायची. मग रडायची, ती अशी की चिमाबाई वाटी-चमचा घेऊन घरभर फिरायची. पोर गायीचं दूध थुंकून टाकायची. तिकडं शाळेत दुपारी आरतीची ओढणी पुढून ओली व्हायची आणि ती फळ्याकडे तोंड करून पाढे म्हणायची. साडेतीनला घरी पोचली की ओल्या कपड्यानिशी लेकीला ओढणीखाली घ्यायची, दोघीही हुंदके देत.

एका संध्याकाळी तिनं राजीनाम्याचा अर्ज लिहिला. मोठ्यानं वाचला, खाडाखोड झाली म्हणून फाडला, दुसरा लिहिला. तोही फाडला. तिसरा लिहायला बसली तेव्हा चिमाबाईनं भाकरी थापायची थांबवली.

"नोकरी सोडायची तर सोड. पर मला एक सांग, त्या सतरा पोरांचं काय?"

"पुन्हा कुलूप," आरती म्हणाली. "पण मी तरी काय करू, आत्या? वाट त्यांनी बंद केली. आणि चूक माझीच होती."

"चूक आवाजाची व्हती. सोनी काय म्हणाली? खाकारणं न्हवतं, घंटी न्हवती. सायकल नको असं ती कवा म्हणाली?"

आरतीचं पेन थांबलं.

चिमाबाई उठली. लसणाची जुडी बाजूला केली आणि मला खुंटीवरून काढलं. राखेनं घासलं, चिंचेच्या पाण्यानं धुतलं. दोन वर्षांनी माझी जीभ हलली. ठण. पडवीतून भिमाजी उठून दारात आले. चौकटीला हात लावून उभे राहिले.

"ह्यो घे आवाज," चिमाबाईनं मला सुनेच्या हातात दिलं. "आन् त्याच कागदावर दुसरा अर्ज लिही."

अर्ज समितीला गेला. आरतीनं मागितलं ते एवढंच, की आठ दिवस घंटी बांधून सायकल चालवू द्यावी आणि मग काय ते ठरवावं. आबांनी अर्ज दोनदा वाचला. "मंगळवार ते मंगळवार," ते म्हणाले. "कुणाची तक्रार आली तर पाटी ऱ्हाईल, सायकल जाईल."

भिमाजींनी चंद्रीच्याच चामडी पट्ट्यानं मला दांड्याखाली बांधलं. मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. खिंडीच्या चढावर आरतीनं सगळ्यात हलका गियर टाकला. सायकल सावकाश चढू लागली आणि मी वाजू लागले, ठण… ठण… सोनीबाई वाटेवर होती, तिनं लांबूनच ऐकलं आणि कडेला झाली. मला इतका आनंद झाला, की काळजी करायचंच विसरले. तिथंच घात झाला.

त्या दिवशी गुरं राखायची पाळी भिमाजींची होती. गुरं सड्याच्या तोंडाशी चरत होती. त्यांनी मान वर केली. जुन्या गायींनी माझा आवाज ओळखला. दोन वर्षं हरवलेली चंद्री आली, असंच त्यांना वाटलं असणार. एक निघाली, मग दुसरी, मग सगळी. आरती मान खाली घालून वाटेवरचे दगड बघत होती. धुक्यात मागं काय चाललंय हे तिला दिसलं नाही, आणि खुरांचा आवाज माझ्याच आवाजात बुडाला.

जांभळवाडीच्या शाळेपाशी ती उतरली तेव्हा मुलं दारात टाळ्या पिटत होती. तिनं मागं वळून पाहिलं. तेहतीस गुरं पटांगणात येऊन उभी होती आणि एक म्हैस वर्गात शिरायच्या बेतात होती. तासाभरानं भिमाजी धापा टाकत पोचले.

"मामा, माझं चुकलं," आरती रडकुंडीला आली.

"तुझं न्हाई गं. हिचं," त्यांनी माझ्याकडं बोट केलं, आणि ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना चंद्री गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

माझी मात्र मान खाली. संधी मिळाली पहिल्या दिवशी, आणि पहिल्याच दिवशी मी ती तेहतीस जनावरांसकट घालवली.

संध्याकाळी आबा अंगणात आले. "मास्तरीणबाई, हजेरीत गुरांचीबी नावं घातली का?"

"आबा, उद्यापासून…"

"मी आठ दिस बोललोय. शब्द मोडणार न्हाई. पर गुरं पुन्ना गेली, तर मंगळवारची वाट बघायची गरज न्हाई."

भिमाजींनी रात्रीची भाकरी व्हायच्या आत उपाय काढला. गाय चालते तेव्हा घंटी संथ वाजते, गुरं त्या तालाच्या मागे जातात. म्हणून ताल बदलायचा. त्यांनी माझ्या जिभेला दोरी बांधली, ती मुठीपर्यंत नेली आणि चालताना जीभ हलू नये अशी ओढून ठेवली. वळण आलं किंवा पुढं माणूस दिसलं, की आरतीनं दोरी झटकायची. तीन भरभर ठोके. ठण-ठण-ठण. मग गप्प.

गप्प बसायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सतत वाजत राहिलं म्हणजेच काळजी घेतली, असा माझा समज होता. पहिले दोन दिवस मला आतून कळ यायची. मग उमगलं, की कायम वाजणाऱ्या घंटीकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तीनदाच वाजणाऱ्या घंटीकडे अख्खा सडा कान देतो. आरतीनंही स्वतःला एक नियम घालून घेतला. डोक्यावर ओझं घेतलेलं माणूस दिसलं, की आपण उतरायचं. वाट ओझ्याची. शनिवारपर्यंत एकही तक्रार नव्हती. सोमवारी सोनीबाई जळणाचा भारा घेऊन आली, आरती उतरून उभी राहिली, आणि सोनीबाई पुढं जाता जाता म्हणाली, "आता कसं माणसागत आली."

मग शेवटचा मंगळवार उजाडला. दुपारी दोनला शाळा सुटली तेव्हा सड्यावर धुकं असं दाटलं होतं, की आरतीला स्वतःचं पुढचं चाक दिसेना. तिनं घड्याळ पाहिलं. लेकीची वेळ होत आली होती. अर्धी वाट कापली आणि कड्याच्या अंगानं आरोळी आली.

"ह्यो… ह्यो… थांब… थांब गं…"

धर्माजीआबांचा आवाज होता. त्या दिवशी पाळी त्यांची.

"आबा, काय झालं?"

"गुरं फाकली," धुक्यातून उत्तर आलं. "बिबट्याचा वास आला का काय, कुणास ठावं. समदी कड्याच्या अंगाला गेलीत. मला काय दिसंना. तू जा घरला. लेकरू वाट बघत आसंल."

आरती उभी राहिली. घरी जायला वीस मिनिटं. कड्याच्या बाजूला वाडीची सगळी गुरं. आणि मुदत संपायला एक संध्याकाळ.

तिनं मुदतीचा विचार केला असं मी म्हणणार नाही. तिनं लेकीचा विचार केला, ओढणीकडे पाहिलं, ओठ आवळले. मग वाकून माझ्या जिभेची दोरी सोडली.

"आता वाज," ती म्हणाली. "चंद्रीवानी."

सगळ्यात हलका गियर. कड्यापासून आत, कातळाच्या कडेकडेनं ती गायीच्या चालीनं निघाली. इतक्या सावकाश साधी सायकल आडवी पडली असती. ही आठ वर्षं टांगून राहिलेली, तिला धीराची सवय होती. ठण… ठण… मी पोटातून वाजले. सर्दी झाल्यागत, घोगरी, लांब जाणारी. उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आधी काहीच नाही. मग धुक्यात एक शिंग दिसलं. मग ओलं नाक. चंद्रीची नात होती ती. तिच्या मागं दुसरी. मग खुरांचा आवाज वाढत गेला, आणि या खेपेला आरतीनं तो ऐकला.

ती घाई करू शकत नव्हती. घाई केली की ताल तुटणार, ताल तुटला की गुरं थांबणार. वीस मिनिटांच्या वाटेला तिनं दीड तास दिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पॅडल एका चालीनं फिरत होतं. सगळ्यात शेवटी एक म्हैस आली आणि तिच्या शेपटाला धरून वन समितीचे अध्यक्ष.

खिंडीत पाटीखाली चिमाबाई उभी होती. अंगावर इरलं, इरल्याखाली समृद्धी. "घंटी ऐकली तशी निघाले," ती म्हणाली. "पोर रडत व्हती, आवाज आला तशी गप झाली." आरतीनं सायकल पाटीच्या खांबाला टेकवली, दगडावर बसली आणि इरल्याच्या आडोशाला लेकीला जवळ घेतलं. भोवती गुरं उभी राहून रवंथ करत होती. आबांनी एकेका पाठीवर हात फिरवला. तेहतीसच्या तेहतीस. मग त्यांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि दुसरीकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आमच्या पडवीत बैठक. या वेळी मी भिंतीपलीकडे नव्हते, सायकलसकट अंगणात होते.

"भिमाजीच्या सुनेनं वाडीची गुरं राखली," आबा म्हणाले. "तिला सायकल चालवू द्यावी, असं माझं म्हणणं. कुणाला काय बोलायचंय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. संपलं असं मला वाटलं. पण आरती उठून उभी राहिली. हातात घडी घातलेला कागद होता.

"मला बोलायचंय. चुकलं तर सांगा." तिनं कागद उलगडला. "आबा, गुरं आणली म्हणून नको."

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"आज उपकार फेडायला मला वाट दिली, तर उद्या दुसरी पोर सायकल घेऊन येईल तिला अडवाल. तिनं कुणाची गुरं आणलेली नसतील. मला एकटीला नको. वाट सगळ्यांना द्या, आणि नियमही सगळ्यांना लावा. घंटी हवीच. वळणावर तीन ठोके. ओझं दिसलं की उतरायचं. चिखलात वाट खचली तर सायकलवाल्यांनी दगड टाकून भरायची. आणि इंजिनाचं काही आणायचं नाही."

"कागदावर समदं लिवलंयस?"

"हो. तीनदा लिहिलंय."

"आन् सोनीबाई?" आबांनी विचारलं. "पडलीस तू. तुझा शब्द शेवटचा."

सोनीबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं आरतीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वाट माझी येकलीची हाय व्हय? मला आवाज पायजे व्हता, त्यो मिळाला. माझी आजून एक अट हाय पर."

"बोल."

"माझ्या नातीला सायकल शिकिव. सातवीच्या म्होरं शाळा लांब हाय, म्हून तिचा बाप तिला घरी बसवतोय."

पडवीत कुणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि आरती हसता हसता रडली. माझी दोरी भिमाजींच्या हातात होती. त्यांनी ती झटकली. तीन ठोके. ठराव पास.

पाटी पुन्हा आरतीनंच लिहिली, त्याच पत्र्याच्या पाठीवर. 'या वाटेवर सायकल चालते. वळणावर तीन ठोके द्यावेत. वाट ओझेवाल्याची.' या वेळी एक वेलांटी जरा वाकडी आली. तिनं ती तशीच ठेवली.

याला आता चार वर्षं झाली. जांभळवाडीच्या शाळेत सव्वीस मुलं आहेत. सोनीबाईची नात दहावी पास होऊन पुढं शिकतेय, आणि तिच्यामागं सड्यावरून आणखी सहा पोरी सायकलनं जातात. पुनमचंदशेठ भेटतील त्याला सांगतात, की ती सायकल विकायची अक्कल आपलीच. रविवारी पुण्याहून डोक्यावर टोप घातलेले सायकलवाले येतात. खिंडीत पाटीशेजारी वाडीनं एक आडवी काठी बांधलीय, तिला गुरांच्या जुन्या घंट्या टांगलेल्या असतात. ज्यानं त्यानं एक घ्यायची, दांड्याला बांधायची, परतताना पुन्हा टांगायची. भारी सायकलींचे ते लोक गायीची घंटी बांधून सड्यावर चढताना पाहिले, की मला माझ्या अकरा बहिणींची आठवण येते. त्यांतलीच एखादी त्या काठीवर असेल, असं वाटतं.

मी मात्र काठीवर नाही. मी अजून त्याच दांड्याखाली. मागं आता कॅरियर बसवलाय, आणि त्यावर समृद्धी बसते, आईच्या शाळेत जायला. आरती दर वळणावर विचारते, "घट्ट धरलंस ना?" समृद्धी दर वळणावर सांगते, "हो गं आई." काळजी गेली असं नाही. ती आता तालात वाजते, एवढंच.

कधी सड्यावर आलात आणि धुक्यात तीन ठोके ऐकू आले, तर डोंगराच्या बाजूला सरका. डोक्यावर ओझं असेल तर मात्र हलूही नका. आम्हीच थांबू.

आज सकाळीही थांबलो. सोनीबाई गवताचा भारा घेऊन आली, अगदी वाटेच्या मधोमध. तिनं मान वळवली नाही. "जा गं बया, तुजी शाळा भरल," ती भाऱ्याखालून म्हणाली, आणि आपल्याच चालीनं पुढं गेली. ती वळणाआड होईतो आरती सायकल धरून उभी राहिली. मग लेकीला मागं बसवलं, दोरी झटकली.

ऐकू आलं ना?